तीन पिशव्या : बीपी, शुगर आणि मामांचा झटका

परळची_पोर | १४ जून, रात्री ११:२०

मामांच्या अंगावरून वारं गेलं त्याला आज अकरा दिवस झाले. गावाकडून फोनवर फोन येतायत आणि प्रत्येकाचं पहिलं वाक्य तेच, "असं अचानक कसं गो झालं? परवापर्यंत तर चालत भायखळ्याला जाऊन भाजी आणत होते." पहिले दोन दिवस मीही तेच म्हणत होते. तिसऱ्या दिवशी वॉर्डातल्या डॉक्टरबाईंनी जुने कागद मागितले म्हणून लालबागच्या खोलीतलं कपाट उपसलं. तेव्हापासून "अचानक" हा शब्द माझ्या तोंडून निघत नाही.

कपाटात साडीच्या दुकानाच्या तीन पिशव्या निघाल्या. मामी टापटिपीची, त्यामुळे एका पिशवीत बीपीचे कागद, दुसरीत शुगरचे, तिसरीत मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे.

पहिली पिशवी बारा वर्षांची. शेवटचा कागद फेब्रुवारीतला, १२६/८०. त्यानंतर गोळ्यांचं एकही बिल नाही. मामीला विचारलं तर म्हणाली, "नॉर्मल आला ना, म्हणून यांनी बंद केली." दुसरी पिशवी नऊ वर्षांची, शेवटचं तीन महिन्यांच्या सरासरीचं एचबीएवनसी ८.४. तिसरी दोन वर्षांपूर्वीची. ऑपरेशनच्या आधी काढलेल्या ईसीजीवर छापलं होतं, एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे ठोके वेडेवाकडे. शेजारी पेनने "फिजिशियनला दाखवा". मोतीबिंदू छान झाला, मामांना पेपर दिसायला लागला, पेढे वाटले आणि तो ईसीजी पिशवीत गेला. बीपीवाल्या डॉक्टरांनी तो पाहिला नाही, शुगरवाल्यांनीही नाही. आम्ही तर नाहीच नाही.

आणखी एक, जे मला मामीने कालच सांगितलं. झटक्याच्या नऊ दिवस आधी चिवडा गल्लीत मामा दुकानदाराशी बोलताना भलतंच काहीतरी बोलायला लागले. शब्द शब्दासारखे येत होते पण अर्थ लागेना. दहा मिनिटं. दुकानदाराने स्टुलावर बसवून लिंबू सरबत दिलं, मग ठीक. "ऊन लागलं असेल."

प्रत्यक्ष झटका रविवारी सकाळी ७:१० ला. चहाचा कप उजव्या हातातून सुटला, तोंड वाकडं. मामीने कांदा हुंगवला, साखरपाणी पाजलं, त्यातलं अर्धं गालावरून ओघळलं. फॅमिली डॉक्टर १० ला येतात म्हणून वाट पाहिली. हॉस्पिटलात पोचलो १२:३० ला. तिथे डॉक्टरबाईंचा पहिला प्रश्न, "शेवटचे ठणठणीत कधी पाहिले?" उत्तर ऐकून त्या घड्याळाकडे बघत गप्प झाल्या. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं, आम्ही पन्नास मिनिटं उशिरा होतो.

आता उजवा हात जवळजवळ नाही, पाय थोडा, बोलणं तुटक. मला दोन गोष्टी हव्या आहेत. हे तीन आजार झटक्याशी नेमके कसे जोडलेले असतात हे कुणीतरी नीट मराठीत सांगा. आणि ज्यांच्या घरी अशा पिशव्या आहेत त्यांनी त्या आज उघडा.

---

मुलुंडची_मिसळ | १४ जून, रात्री ११:४१

बाप रे. मामांना लवकर बरं वाटो. आईची पिशवी माळ्यावर आहे, उद्या काढते.

---

वॉर्ड_नंबर_नऊ | १५ जून, पहाटे १:०५

ताई, ड्युटीवरच आहे आणि थोडा निवांत वेळ मिळालाय, म्हणून सविस्तर लिहितो. मी मेडिसिनचा डॉक्टर आहे, न्यूरोचा नाही, आणि मामांचे कागद पाहिलेले नाहीत. सर्वसाधारण सांगतोय.

स्ट्रोक म्हणजे मेंदूची रक्तवाहिनी एकतर तुंबते नाहीतर फुटते. जगभर साधारण ८५ टक्के वेळा तुंबते. आपल्याकडे फुटण्याचा वाटा त्याहून थोडा जास्त दिसतो आणि त्यामागे बीपीकडे केलेलं दुर्लक्ष हे मोठं कारण.

पहिली पिशवी. मेंदूच्या खोल भागात मोठ्या धमन्यांतून थेट निघालेल्या केसासारख्या बारीक वाहिन्या असतात. मुख्य पाइपलाइनला मधला टप्पा न ठेवता घरचा नळ जोडावा तसं. वर्षानुवर्षं जास्त दाब बसला की त्यांच्या भिंती जाड होतात आणि ठिसूळही होतात. जाड झाल्या की वाट बुजते, ठिसूळ झाल्या की फुटतात. म्हणून बीपी हा एकच आजार दोन्ही प्रकारचा झटका आणू शकतो. २००२ साली दहा लाख माणसांची माहिती एकत्र करून एक अभ्यास आला. ४० ते ६९ वयात वरचा आकडा २० ने वाढला की स्ट्रोकने मृत्यू येण्याचा धोका दुपटीहून जास्त होतो, आणि ही चढण १४० ला नाही, ११५ पासूनच सुरू होते.

दुसरी पिशवी. मधुमेहात धमन्यांचं आतलं अस्तर खराब होतं, चरबी लवकर साचते, रक्त गोठायला टेकलेलं असतं. तुंबण्याच्या झटक्याचा धोका साधारण दुप्पट. एक गोष्ट लोकांना खटकते पण सांगतो. शुगर आटोक्यात आणल्याने डोळे, मूत्रपिंड, नसा नक्की वाचतात, पण स्ट्रोक टाळायला नुसती शुगर आटोक्यात आणून भागत नाही. मधुमेह्याचं बीपी आणि कोलेस्टेरॉल आटोक्यात आणणं त्याहून जास्त कामाला येतं. आपल्याकडे मधुमेही माणूस भात मोजून खातो आणि बीपीची गोळी विसरतो.

तिसरी पिशवी, आणि माझ्या मते इथेच घात झाला. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, पुढे नुसतं एएफ लिहितो, हृदयाचा वरचा कप्पा नीट आकुंचन न पावता नुसता थरथरतो. डाव्या वरच्या कप्प्याला बोटाएवढी एक पिशवी लटकलेली असते. ही तुमची चौथी पिशवी म्हणा. थरथरीमुळे तिच्यात रक्त साकळतं, गुठळी होते. ती सुटली की थेट वर, मेंदूकडे. एएफमुळे स्ट्रोकचा धोका जवळपास पाचपट होतो, आणि गुठळी मोठी असल्याने झटकाही सहसा मोठा असतो. माणसाला मात्र बहुतेकदा काहीच जाणवत नाही. छातीत दुखत नाही, जिना चढता येतो.

आता तिन्ही पिशव्या एका टेबलावर ठेवा. एएफच्या रुग्णाला रक्त पातळ ठेवणारी गोळी द्यायची का, हे ठरवायला आम्ही गुण मोजतो. हृदयाची ताकद कमी असेल तर १, बीपी १, मधुमेह १, हार्ट अटॅक वगैरे होऊन गेला असेल तर १, वय ६५ ते ७४ असेल तर १, ७५ च्या पुढे २, आधी झटका किंवा छोटा झटका येऊन गेला असेल तर २. बाई असेल तर आणखी १ मोजत असत, २०२४ च्या युरोपीय मार्गदर्शनात तो काढला. २ गुण झाले की गोळी द्यावी असं सर्वसाधारणपणे मानतात.

मामांचे मोतीबिंदूच्या दिवशी किती झाले? बीपी १, शुगर १. दोन. फक्त ईसीजी पाहणाऱ्याला शुगर माहीत नव्हती आणि शुगर पाहणाऱ्याला ईसीजी माहीत नव्हता. चिवडा गल्लीतल्या त्या दहा मिनिटांनंतर झाले चार.

त्या गोळीने एएफमधला स्ट्रोकचा धोका साधारण दोन तृतीयांशाने कमी होतो. रोजची छोटी अ‍ॅस्पिरिन तिची जागा घेऊ शकत नाही, हे मुद्दाम लिहितोय कारण "रक्त पातळ करायची गोळी चालू आहे" असं सांगणाऱ्या दहांतल्या निम्म्यांच्या खिशातून अ‍ॅस्पिरिनच निघते.

हाक आली. बाकी नंतर.

---

परळची_पोर | १५ जून, सकाळी ६:३२

डॉक्टर, दोनदा वाचलं. मामांना ऑगस्टमध्ये पासष्ट पूर्ण होतील. म्हणजे आणखी एक गुण.

ती दहा मिनिटं म्हणजे छोटा झटकाच होता का?

---

काठावरचा | १५ जून, सकाळी ९:१५

मामांबद्दल वाईट वाटलं, पण थोडं वेगळं लिहितो. माझे आजोबा गिरणीत होते, ९१ वर्षं जगले, एक गोळी घेतली नाही. तंबाखूसुद्धा होती. या बीपीच्या गोळ्या एकदा चालू झाल्या की आयुष्यभर मानगुटीवर. शरीराला सवय लागते. मामांचं १२६/८० आलं होतं, म्हणजे बीपी बरं झालेलंच होतं ना? मग बंद केली यात काय चुकलं? सगळे आकडे खाली खाली आणत नेणारे कोण, हेही पाहायला हवं.

---

दादर_टीटी | १५ जून, सकाळी ९:५८

@काठावरचा, दोन वर्षं हिंदमाताला पाणी कमी तुंबलं. मग पंप काढून न्यायचे का? पाऊस कमी झाला म्हणून नाही, पंप चालू होता म्हणून रस्ता दिसला. मामांचं १२६ हे गोळी घेऊन आलेलं १२६ आहे.

बाकी आजोबांबद्दल आदर आहे. सिग्नल तोडून घरी सुखरूप पोचणारेही रोज दिसतात.

---

काठावरचा | १५ जून, सकाळी १०:२०

पंपाचं उदाहरण पटलं. सवय लागते हे मात्र अजून डोक्यात आहे.

---

कंडक्टर_रिटायर | १५ जून, दुपारी १:४४

सवयीचं जाऊ द्या साहेब, गोळी का सुटते ते मी सांगतो. तीस वर्षं बसमध्ये काढली. मला बीपीसाठी जी गोळी होती ती लघवीची होती. सकाळी घेतली की तीन तास दर अर्ध्या तासाने जायला लागायचं. बस बॅकबेवरून सुटली की दीड-दोन तास खाली उतरायची सोय नाही. मग ड्युटी असेल त्या दिवशी गोळी नाही, सुट्टीच्या दिवशी गोळी. वीस वर्षं हा हिशेब. टॅक्सीवाले, वॉचमन, लोकलने विरारवरून येणाऱ्या बायका, सगळ्यांचं हेच. बायकांचं तर विचारूच नका, त्या पाणीच पीत नाहीत.

डॉक्टरला कधी सांगितलं नाही. लाज वाटायची. २०१९ ला डाव्या बाजूला बारीकसा झटका आला तेव्हा सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "अहो मग दुसऱ्या जातीची गोळी दिली असती की." एवढं सोपं होतं.

---

वॉर्ड_नंबर_नऊ | १५ जून, दुपारी ३:३०

कंडक्टरकाका, तुमचा प्रतिसाद आमच्या विद्यार्थ्यांना वाचून दाखवणार आहे, परवानगी असेल तर. बीपीच्या गोळ्यांचे चार-पाच वेगवेगळे गट आहेत. एकाने लघवी, एकाने पाय सुजतात, एकाने कोरडा खोकला. जमत नसेल तर बदलता येते, फक्त सांगायला हवं. स्वतःहून बंद करणं आणि डॉक्टरांनी हळूहळू कमी करणं या दोन वेगळ्या गोष्टी. काही गोळ्या एकदम थांबवल्या तर दाब उसळी मारून पूर्वीपेक्षा वर जातो.

@काठावरचा, "सवय" हा शब्द तिथूनच आलाय. गोळीने सवय लावली नाही, आजार होताच, गोळीने झाकला होता. आकडे खाली आणणाऱ्यांवर शंका घ्यायला माझी हरकत नाही, पण ११५ पासूनची ती चढण कुठल्या कंपनीने बांधलेली नाही. वजन उतरलं, मीठ उतरलं तर डॉक्टर स्वतः गोळी कमी करतात, तसंही होतं.

@परळची_पोर, कागद न बघता ठामपणे सांगता येणार नाही, पण वर्णन अगदी तसंच आहे. काही मिनिटांत, फार तर तासाभरात आपोआप पूर्ण बरं होणारा झटका, आम्ही टीआयए म्हणतो. गुठळी येते, अडकते, विरघळते. मोठा झटका येण्याचा धोका त्यानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत सगळ्यात जास्त असतो आणि पुढचे काही आठवडे रेंगाळतो. "बरं वाटलं" म्हणून घरी जायची वेळ नव्हे, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायची वेळ. तेव्हा ईसीजी निघतो, मानेच्या धमन्यांची सोनोग्राफी होते. मानेतली धमनी ७० टक्क्यांहून जास्त अरुंद निघाली तर तिचं ऑपरेशन शक्यतो दोन आठवड्यांच्या आत करतात.

मामीला यातलं काही ऐकवू नका. लिंबू सरबत कुणीही दिलं असतं.

---

कोळीवाड्याची_नात | १५ जून, संध्याकाळी ७:१०

मिठाचा विषय निघालाच आहे तर. आमच्याकडे पावसात मासेमारी बंद, मग सुकट, जवळा, सुके बोंबील. आजीचं बीपी जूनपासून चढतं आणि नारळी पौर्णिमेनंतर उतरतं. आम्ही वर्षानुवर्षं "पावसाची हवा सोसत नाही" म्हणायचो. माझी चुलतबहीण नर्स झाली तिने पहिल्यांदा मीठ असं म्हटलं. दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅम, म्हणजे एक छोटा चमचा. एवढं तर बोंबलाच्या चटणीतच जातं.

आता बोंबील दोन-तीन पाण्यांतून काढतो. आजी म्हणते चव गेली. चव गेलीच आहे, खोटं कशाला बोला.

एक विचारायचं होतं. दुकानात कमी सोडियमचं मीठ मिळतं ते चांगलं का सैंधव?

---

वॉर्ड_नंबर_नऊ | १५ जून, रात्री ९:०२

सैंधव हेही मीठच. रंग गुलाबी, आत बहुतेक सोडियम क्लोराइड. बीपीला काही फरक पडत नाही.

कमी सोडियमच्या मिठात थोडं सोडियम काढून पोटॅशियम घातलेलं असतं. चीनमध्ये ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर हे करून पाहिलं, २०२१ साली निकाल आला. आधी झटका येऊन गेलेले किंवा साठीपुढचे बीपीवाले लोक होते. स्ट्रोक १४ टक्क्यांनी कमी झाले, नुसतं मीठ बदलून. पण आजीचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) पाहिल्याशिवाय आणू नका. मूत्रपिंड अशक्त असेल किंवा पोटॅशियम वाढवणाऱ्या बीपीच्या गोळ्या चालू असतील तर हे मीठ धोक्याचं. जाता जाता, मूत्रपिंडाचा जुना आजार हेही स्ट्रोकचं स्वतंत्र कारण आहे.

---

अळूचं_फदफदं | १६ जून, सकाळी ११:२५

माझ्या आईला लहानपणी सांधेतापाने हृदयाची झडप आकसली. एएफ आहे आणि एसिट्रॉम ही रक्त पातळ ठेवणारी जुनी गोळी चालू आहे, सोळा वर्षं. दर महिन्याला आयएनआरची (रक्त किती पातळ आहे त्याच्या आकड्याची) तपासणी, तो २ आणि ३ च्या मध्ये ठेवायचा. आमच्या घरात पंचांगाच्या शेजारी आयएनआरचा तक्ता टांगलेला असतो.

दरवर्षी श्रावणात आकडा गडगडतो. मासे-मटण बंद, रोज अळू, माठ, मेथी, टाकळा. पालेभाजीत व्हिटॅमिन के आणि एसिट्रॉम त्याच्याच विरुद्ध काम करतं. आधी कुणीतरी सांगितलं पालेभाजी सोडा, आईने वर्षभर हिरवं तोंडात घातलं नाही, हकनाक. मग नव्या डॉक्टरांनी सांगितलं की खा, पण बारा महिने सारखीच खा. आता आठवड्यातून दोनदा, श्रावण असो की शिमगा. (नाव बदलायला हवं माझं.)

मैत्रिणी म्हणतात नव्या गोळ्या आल्यात, तपासणीची कटकट नाही, त्या का घेत नाही? आईसारख्या आकसलेल्या झडपेला आणि धातूच्या झडपेला त्या चालत नाहीत. २०२२ मध्ये अशाच सांधेतापाच्या रुग्णांवर तुलना झाली, त्यात जुनी गोळीच सरस ठरली. दुसऱ्याची गोळी बघून आपली बदलू नका.

गुडघा दुखतो म्हणून केमिस्टकडून घेतलेली पेनकिलर, हा आमच्याकडचा आणखी एक अध्याय. दोन्ही एकत्र झाल्या आणि आईला शौचातून रक्त गेलं. तेव्हापासून केमिस्टलाही तक्ता दाखवते.

---

डोकंदुखी_३४ | १६ जून, दुपारी २:५०

मी वाचनमात्र असते, पण विचारावंसं वाटलं. वय ३४, बीपी नाही, शुगर नाही. अर्धशिशी आहे, डोकं दुखायच्या आधी वीस मिनिटं डोळ्यांपुढे चमचमत्या नागमोडी रेषा येतात. पीसीओडीसाठी दोन वर्षं हार्मोनच्या गोळ्या चालू आहेत. याचा काही संबंध?

---

वॉर्ड_नंबर_नऊ | १६ जून, दुपारी ४:१२

आहे, आणि विचारलंत हे बरं केलंत. रेषा दिसून येणाऱ्या अर्धशिशीत स्ट्रोकचा धोका साधारण दुप्पट असतो. तुमच्या वयात मुळात धोका फार छोटा, त्यामुळे दुप्पट झाला तरी छोटाच, घाबरू नका. पण त्यात इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या मिळवल्या तर तो वाढतो, आणि सिगरेट असेल तर आणखी. अशा अर्धशिशीत इस्ट्रोजेनच्या गोळ्या सहसा देत नाहीत, इस्ट्रोजेन नसलेले पर्याय असतात. या आठवड्यातच स्त्रीरोगतज्ज्ञांना रेषांबद्दल सांगा. त्यांना बहुधा फक्त "डोकं दुखतं" एवढंच माहीत असेल.

---

डोकंदुखी_३४ | १६ जून, दुपारी ४:२०

खरं आहे. रेषांचं कधीच बोलले नाही, तो डोळ्यांचा विषय वाटायचा. उद्याची वेळ घेतली.

---

बखरकार_बाबा | १६ जून, रात्री १०:३३

थोडं अवांतर. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचं बीपी मार्च १९४४ मध्ये १८६/१०८ होतं. महायुद्ध चालू, जगातले उत्तम डॉक्टर दिमतीला, आणि तरी धड औषधच नव्हतं. १२ एप्रिल १९४५ ला "डोकं भयंकर दुखतंय" म्हणाले आणि कोसळले. तेव्हा बीपी मोजलं ते ३०० च्या वर. मेंदूत रक्तस्राव. त्या काळी वाढतं बीपी हा वयाचा भाग आहे असं मानणारे डॉक्टर कमी नव्हते. १९४८ ला फ्रेमिंगहॅम गावात हजारो लोकांना वर्षानुवर्षं तपासत राहण्याचा अभ्यास सुरू झाला आणि बीपी, कोलेस्टेरॉल, पुढे एएफ, यांचे धागे एकेक करून तिथे जुळले. एएफने पाचपट हा वरचा आकडाही तिथलाच.

रूझवेल्टला जे मिळालं नाही ते आज जेनेरिकच्या दुकानात वडापावच्या दरात मिळतं, एवढंच नोंदवून रजा घेतो.

---

मुलुंडची_मिसळ | १७ जून, सकाळी ८:०५

आईची पिशवी काढली. कोलेस्टेरॉलची गोळी "पोट बिघडतं" म्हणून तिने दीड वर्षापूर्वीच बंद केलीय!! घरात रामायण झालंय. नंतर लिहिते.

---

माहीमचा_तंबू | १७ जून, सकाळी ११:४०

एक भीती. माझ्या भावाचं गेल्या वर्षी तोंड वाकडं झालं, आम्ही टॅक्सीत घालून धावलो, निघाला चेहऱ्याच्या नसेचा पॅरालिसिस, महिन्याभरात बरा झाला. तेव्हापासून घरात कुणी गंभीरपणे घेत नाही, "तसंच असेल" म्हणतात. घरच्या घरी ओळखता येतं का? आणि आमच्याकडे एक सॉर्बिट्रेट आणि अ‍ॅस्पिरिनची डबी कायम टीव्हीवर असते, ती तेव्हा द्यावी का?

---

वॉर्ड_नंबर_नऊ | १८ जून, रात्री १२:१५

डबीचं आधी. ती छातीत दुखण्यासाठी सांगितलेली असते. झटक्यात देऊ नका. नळी तुंबलीय का फुटलीय हे सीटी स्कॅनशिवाय जगातला कुठलाही डॉक्टर खात्रीने सांगू शकत नाही. फुटलेली असेल तर अ‍ॅस्पिरिनने रक्त आणखी वाहतं. आणि सॉर्बिट्रेटने दाब एकदम पडतो. तुंबलेल्या नळीच्या पलीकडचा मेंदू तेव्हा त्या वाढलेल्या दाबावरच तग धरून असतो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं नसेल तर २२०/१२० पर्यंत आम्हीही घाईने बीपी उतरवत नाही. घरी बीपी २०० दिसलं म्हणून जिभेखाली गोळी ठेवणं हा मी पाहिलेला सगळ्यात सामान्य आणि सगळ्यात घातक उपाय.

तोंडाने पाणी, साखर, चहा काही नाही. गिळण्याची नस गेलेली असेल तर ते फुप्फुसात जातं. मधुमेही असेल आणि घरी मशीन असेल तर शुगर तेवढी तपासा. ती फार उतरली की हुबेहूब झटक्यासारखं दिसतं आणि ती मोजायला अर्धा मिनिट लागतो.

चेहऱ्याच्या नसेच्या पॅरालिसिसमध्ये कपाळसुद्धा त्या बाजूचं सपाट होतं, भुवई वर जात नाही, डोळा मिटत नाही. स्ट्रोकमध्ये बहुतेकदा कपाळ शाबूत राहतं आणि सोबत हात, पाय किंवा बोलणं जातं. पण हे तुम्ही टॅक्सीत बसल्यावर तपासा. दहा वेळा खोटी धावपळ झालेली चालेल. तोंड वाकडं, एक हात लोंबता, बोलणं बोबडं, एकदम तोल जाणं, एका डोळ्याने दिसेनासं होणं, यातलं एकही एकदम झालं तर घड्याळ बघा आणि १०८. जवळचं नर्सिंग होम गाठू नका, जिथे चोवीस तास सीटी आणि हे इंजेक्शन आहे तिथेच. ते कुठे आहे हे आज शोधून ठेवा. रविवारी सकाळी सुचत नाही.

झोपेत झालं असेल तर वेळ रात्री झोपल्यापासून मोजतात, पण म्हणून घरी थांबू नका. मोठी नळी तुंबली असेल तर तारेने गुठळी ओढून काढण्याचा उपाय निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत करता येतो.

---

कंडक्टर_रिटायर | १८ जून, सकाळी ७:२०

आणखी एक सोपं. मनगटावर तीन बोटं ठेवून नाडी बघायला शिका. घड्याळासारखी पडते का पावसासारखी, एवढंच बघायचं. दंडाच्या काही बीपी मशीनवर ठोके वेडेवाकडे असले की हृदयाची खूण लुकलुकते. माझ्या शेजाऱ्यांना मशीन खराब वाटलं म्हणून त्यांनी दुकानदाराला परत दिलं. दुसऱ्यावरही तीच खूण. मग मीच त्यांना पालिकेच्या दवाखान्यात नेलं, एएफ निघालं. आता गोळी चालू आहे, पठ्ठ्या रोज शिवाजी पार्कला फेऱ्या मारतो.

मोजण्याआधी पाच मिनिटं गप्प बसायचं, पाय जमिनीवर टेकून, चहा-तंबाखू अर्धा तास आधी नाही. जिना चढून आल्या आल्या मोजू नये.

---

काठावरचा | १८ जून, रात्री ९:४८

वडिलांची नाडी बघितली. घड्याळासारखी आहे. बीपी १६४/९६. तीन दिवस मोजतोय, साधारण तेवढंच. उद्या नेतो दाखवायला. त्यांना सांगितलंय की आयुष्यभराचं बोलणं नंतर करू.

---

परळची_पोर | २१ जून, रात्री १०:५५

सगळ्यांचे आभार. मामांना काल घरी आणलं. रक्त पातळ ठेवण्याची गोळी डॉक्टरांनी दुसरा स्कॅन बघून सुरू केली, झटका मोठा असेल तर लगेच देत नाहीत म्हणे. बीपीची पुन्हा चालू. मामीने तिन्ही पिशव्या मोडून एकच कापडी पिशवी शिवली आणि वरच्या कागदावर मी सगळे आजार, सगळ्या गोळ्या आणि तो ईसीजी असं एकत्र लावलं. मोतीबिंदूच्या डॉक्टरांकडे दुसऱ्या डोळ्यासाठी जायचंय, तिथेही तीच पिशवी जाईल.

बोलणं अजून नाही. पाणी हवं असेल तर "पाणी" येत नाही, बोटाने दाखवतात. पण संध्याकाळी शेजारच्या खोलीत आरती लागली तर मामा गणपतीची आख्खी आरती म्हणाले, एक शब्द न चुकता. मी घाबरलेच. स्पीच थेरपीच्या ताई म्हणाल्या असं होतं, पाठ झालेलं, गाणं, मोजणी, हे वेगळ्या वाटेने येतं आणि त्याच वाटेवरून बाकीचं बोलणं परत आणायचा प्रयत्न करतात.

शिव्याही त्याच वाटेने येतात म्हणे. आज दुपारी मामीने बिनमिठाची पेज भरवली. पहिला घास गिळला आणि मालवणीतली एक अस्सल शिवी स्वच्छ, खणखणीत बाहेर पडली. मामी रडता रडता हसत सुटली. इथे लिहीत नाही, मॉडरेटर धागा उडवतील.